कागदावर सेहेचाळीस

३ जुलै २०२४

टाकलं नाव! दत्तकासाठी रीतसर ऑनलाइन नोंदणी केली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. वाशीमजवळच्या मालेगावच्या स्टँडसमोरचं नेट कॅफे, ड्यूटी संपल्यावर, अंगावर कंडक्टरची खाकी तशीच.

तिथल्या पोरानं विचारलं, "मॅडम, मिस्टरांचं नाव?" म्हटलं, नाही. फारकत झालीय, कोर्टाचा कागद हा घे. "जन्मतारीख?" एक जून अठ्ठ्याहत्तर. तो हसायलाच लागला. "सकाळपासून तिसरी एक जून हाय मॅडम. तुमच्या वक्ताले सारे एकाच दिवशी पैदा होत होते काय?"

हसून घे बाबा. मलाही हसू आलं असतं, पण मला हवं होतं दोन ते चार वर्षांचं लेकरू आणि ते काही घेता येईना. एकट्या बाईचं वय पंचेचाळीसच्या आत असेल तरच तेवढं लहान मूल मिळतं. त्याच्या पुढं पन्नासपर्यंत चार ते आठ वर्षांचं. मी कागदावर सेहेचाळीस पूर्ण. म्हणून चार ते आठ!

अरे, पण मी सेहेचाळीसची नाहीच! चव्वेचाळीसची आहे. तांड्यातली विहीर बांधून झाली त्या उन्हाळ्यात याडीनं मला जन्म दिला, आणि विहिरीच्या कठड्यावर १९८० असं कोरलेलं आहे. सगळा तांडा साक्षीला उभा राहील. पण मशीनला विहीर दाखवायची कशी?

४ जुलै

डोकं अजून तापलेलंच आहे. कान धरायला लावून वय ठरवणारे ते गुरुजी आणि मी. चूक कुणाची, आणि भोगायचं कुणी!

आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजी म्हणाले होते, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. धरता आला की पोर सहा वर्षांचं, हा तेव्हाचा कायदा. माझे हात जन्माचे लांब. चार वर्षांची होते, धरला कान! गुरुजींनी एक जून लिहिलं नि मोकळे झाले. याच हातांनी मी आज भरल्या गाडीत मधल्या सीटपासून घंटीची दोरी ओढते. आमचा ड्रायव्हर गोविंदा म्हणतो, "मॅडम, तुमाले महामंडळानं हात पाहूनच भरती केलं असन."

त्याला आज सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "अन् जोडपं असन तं?" म्हटलं, दोघांच्या वयाची बेरीज पाहतात. त्यानं स्टेअरिंगवर बोटं मोजली. "बाप्पा! आमची दोघांची बेरीज तं थेट आजोबाच्या वर गेली." हसला, पण 'कायले पाहिजे या वयात' असं काही बोलला नाही. तेवढ्यासाठी त्याला चहा पाजला.

७ जुलै

तांड्यावर गेले. सांगितलं.

माझा थोरला, सेवाभाऊ, गप्प बसणार थोडाच! "कायले बाहेरचं लेकरू आणतं? आपला नवीन घे. माहा धाकटा पोरगा हाय, तुह्यावर जीव हाय त्याचा. घरचं लेकरू घेतलं तं वयाचा बी कायदा लागत नाही मने." चौकशी करून ठेवली होती पठ्ठ्यानं! बरोबर आहे ते. नात्यातलं मूल घेतलं तर वयाची अट नसते.

वहिनी चुलीपाशी होती. तिचा चेहरा मी पाहिला, भावानं नाही. भाकरी थापता-थापता हात थांबला होता तिचा. म्हटलं, "नवीनले माय हाय. जित्या मायचं लेकरू मी काहून नेऊ?" भाऊ म्हणाला, "दूर कुठं जाते तो? मालेगावलेच तं राहीन." म्हटलं, मला लेकरू पाहिजे, उसनं नाही पाहिजे.

वहिनीनं ताटात तूप जास्त वाढलं.

निघताना याडीनं विचारलं, "म्हातारपणी कोणी पाहाले पाहिजे म्हणून घेतं का?" तेच, सगळ्यांचं तेच! म्हटलं, मला पेन्शन आहे, दवाखान्याचं कार्ड आहे, आणि पाय धड आहेत. मला आई व्हायचंय. याला दुसरं कारण नाही आणि असायचं कारणही नाही.

११ जुलै

आज जऊळक्याच्या थांब्यावर कोण चढावं? जिनदास गुरुजी! तेच. पंचाहत्तरी कधीच ओलांडली, आता प्रवास फुकट. कार्ड पुढं केलं. मी म्हटलं, "गुरुजी, कार्ड राहू द्या. उजवा हात डोक्यावरून न्या नि कान धरून दाखवा."

गाडी हसली. गुरुजी नाही हसले. नीट पाहिलं त्यांनी, ओळखलं. "रामसिंगची पोरगी ना तू? रीता."

भांडायचं ठरवूनच त्यांच्या शेजारी बसले. दोन वर्षं तुम्ही माझ्या माथी मारलीत, म्हटलं. त्या दोन वर्षांपायी लहान लेकरू मिळेना मला.

म्हणाले, "मले ठाऊक होतं बेटा तू चारची आहेस. डोळ्याले दिसत नाही काय? पण तुही माय आठ दिवसांत ऊस तोडाले निघणार होती. भाऊ आश्रमशाळेत राहे, तू कोणापाशी राह्यली असती? मायच्या मागं फडातच ना. एकदा फडात गेलेलं लेकरू शाळेत परत आलेलं मी पाह्यलं नव्हतं. म्हणून म्हटलं, धर कान. तू धरला. मी लिहून टाकलं."

म्हणजे चूक नव्हती! मुद्दाम केलं होतं. आणि केलं नसतं तर मी आज तिकीट फाडत नसते, कुठल्यातरी फडावर मोळ्या बांधत असते. आता भांडू कुणाशी?

उतरताना म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करून देतो. माही सही, माही जबाबदारी. जिता आहो तोवर करून घे." खाली उतरून पुन्हा वर पाहिलं. "लेकरू घेऊन राह्यली, चांगलं केलं." 

या सगळ्यात तसं म्हणणारा पहिला माणूस हा निघावा!

१२ जुलै

वकील म्हणतात, जन्मतारीख दुरुस्त होईल, पण वेळ लागेल. लागू दे. माझं आहे ते मी घेणारच.

२४ ऑगस्ट

सामाजिक कार्यकर्ती घर पाहून गेली. सुकेशनी नाव. तिशीही नसेल, पण प्रश्न विचारते सासूसारखे. ड्यूटीला गेलात तर मूल कुठं राहील? (वरच्या मजल्यावरच्या रंगूबाई, त्यांचं पाळणाघर आहे.) मुक्कामी गाडी लागली तर? (लागणार नाही, अर्ज दिलाय, डेपोत भांडून घेतलंय.) पुन्हा लग्नाचा विचार? (एकदा केलं तेवढं पुरे झालं.) मूल वीस वर्षांचं होईल तेव्हा तुमचं वय काय असेल?

इथं माझं सटकलं. म्हटलं, "बाई, माझी याडी सत्तरीची आहे आणि अजून डोक्यावर मोळी आणते. वयाचं मला सांगू नका."

ती शांतपणे लिहीत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी तुमाले पाडाले नाही आली. पण हा प्रश्न लेकराच्या बाजूनं इचारा लागते."

चहा घेतला तिनं. जाता-जाता म्हणाली, लहान लेकरासाठी रांग फार मोठी आहे, वर्षानुवर्षांची. "अन् सहा-सात वर्षांच्या पोरी बसून राह्यतात. फोटो पाह्यतात लोक, वय पाह्यतात, अन् पुढं सरकतात. त्यांच्यासाठी तं रांग बी नाही." 

म्हटलं, मला दोन ते चारचंच पाहिजे. बोलणं वाढवलं नाही.

२८ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

वाशीमहून येताना एक बाई चढली. काखेत एक, हाताशी एक पोरगी. बाईचं हाफ दिलं. पोरगीचं विचारलं तर म्हणाली, "चारची हाय ते. तिचं लागत नाही." पाचच्या आत तिकीट नाही, हे गाडीतली कोंबडीसुद्धा जाणते. पोरगी सातच्या खाली नव्हती. पुढचे दोन दात पडून नवे आलेले! 

असे शंभर पाहते मी. आवाज चढवते, तिकीट फाडते, पुढं जाते. आजही चढवणार होते. तेवढ्यात त्या पोरीकडं लक्ष गेलं. तिनं गुडघे पोटाशी घेतले होते, मान खांद्यात ओढली होती, फ्रॉक पायांवर ओढून घेतला होता. माझ्याकडं पाहत होती आणि आणखी-आणखी लहान होत होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आपण मोठ्या दिसलो तर आईला त्रास, एवढं कळलेलं.

तिकीट नाही फाडलं. नियम मोडला, हो मोडला! पोरीला म्हटलं, "सरळ बस वं बाई. पाय मोकळे कर. कोणी काही म्हणत नाही." ती आईकडं पाहायला लागली. आईनं मान हलवली तेव्हा कुठं पाय खाली सोडले. जमिनीला टेकत होते ते.

मग घंटी दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. गोविंदानं आरशातून दोनदा पाहिलं.

सुकेशनी म्हणाली तशी कुठल्यातरी संस्थेत एक पोरगी आहे. फोटोत ती अशीच अंग चोरून बसत असेल. आणि मी? मीही फोटो पाहून पुढं सरकणारीच की! मोठं होणं हा काय त्या लेकरांचा गुन्हा आहे?

२९ सप्टेंबर

वकिलाला नको म्हणून कळवलं. गुरुजींना फोन करून सांगितलं, प्रतिज्ञापत्र नको. म्हणाले, "काहून वं? आता भिऊन राह्यली काय?" म्हटलं, भीत नाही. तुम्ही लिहिलं तेच राहू द्या. कागदावर सेहेचाळीस तर सेहेचाळीस. 

सुकेशनीला सांगितलं—सात वर्षांची चालेल. आठची चालेल. चालेल कसलं, तीच पाहिजे!

३ नोव्हेंबर

दिवाळीत तांड्यावर. सगळ्यांना अक्कल पाजळायची होती. "मोठी पोरगी? तिले आपली माय आठवत असन." आठवू दे ना! मी काय आठवण पुसायला आणतेय? "मोठी झाली की पळून जाते." पोटच्या नाही जात पळून? आपल्याच तांड्यातल्या तीन सांगू? भाऊ उठून बाहेर गेला.

याडीनं मात्र जुना फेटिया काढला. आरशांचा, तिच्या लग्नातला घागरा. म्हणाली, "सातच्या पोरीले कंबरेतून किती घ्यावा लागन?" 

मी त्या घागऱ्यात तोंड घालून रडले. लिहायला लाज कसली!

१७ फेब्रुवारी २०२५

काही नाही. फोन नाही. रोज तीनदा मोबाइल पाहते, चालू आहे ना म्हणून.

२२ एप्रिल

फोटो आला.

अंजू. सात वर्षं. शेजारच्या जिल्ह्यातली संस्था. आजीपाशी वाढली, आजी वारली, पुढं कुणीच आलं नाही न्यायला. प्रकृती ठीक, दुसरीत जाणार, हिशेबात हुशार, "बोलते खूप" असं लिहिलंय. फोटोत अंग चोरून वगैरे काही बसलेली नाही. कॅमेऱ्याकडं असं पाहतेय की तिकीट माझ्याकडूनच मागेल!

लगेच हो कळवलं. गोविंदाला फोटो दाखवला. "मॅडम, हे तं डेपो मॅनेजर दिसून राह्यली."

११ मे

आज भेट झाली.

बाहुली ने असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मुद्दामच नाही नेली. सीताफळाची कुल्फी न्यायची होती, उन्हात पाणी झाली असती. शेवटी तिकिटांचा जुना ट्रे नेला, पंच मशीन नेलं, जुन्या काळातलं. तिला आवडलं. टक-टक करून एक अख्खा कागद भोकं पाडून काढला. मी कंडक्टर आहे, घंटी मीच देते, गाडी माझ्या सांगण्यानं चालते हे ऐकून डोळे मोठे झाले. मला वाटलं, जमलं!

मग सुकेशनीनं तिला जवळ घेऊन विचारलं. पाचच्या वरच्या लेकराला विचारावंच लागतं, त्याची हो असावी लागते. "अंजू, या मावशी तुले घरी न्यायले आल्या. तुही माय व्हायले. जाशीन?"

अंजूनं माझ्याकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. केस पाहिले. मी कधीच रंगवत नाही, अर्धे पांढरे आहेत, लपवायचं काय त्यात?

म्हणाली, "नाही."

काहून, सुकेशनीनं विचारलं.

"माह्या आजीचे केस बी असेच होते. ते मरून गेली. हे बी मरून जाईन. मग मी पुन्हा इथंच येईन ना?"

रडली नाही, रुसली नाही. पंच मशीन परत दिलं मला, दोन्ही हातांनी.

वर्षभर मी या वयावरून सगळ्या जगाशी भांडले. भावाशी, गुरुजींशी, कायद्याशी, त्या बिचाऱ्या सुकेशनीशीसुद्धा. सगळ्यांना पुरून उरले. वय म्हणजे सरकारचा आडमुठेपणा, एवढंच डोक्यात. आणि सरकारनं कागदावर जे लिहिलं, तेच या पोरीनं तोंडावर विचारलं. तिच्याशी काय भांडू? तिचं खरं आहे. एकदा गेलंय तिचं माणूस.

मी म्हटलं, "बरोबर आहे तुहं."

१२ मे

रजा टाकली. सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खोटं आजारपण सांगितलं. खोटं तरी कसं म्हणू?

१५ मे

सुकेशनीचा फोन. ती नाही म्हणाली तर नाही, जबरदस्ती होत नाही. पण एक भेट अजून घेता येईल, अंजूची हरकत नसेल तर. सुकेशनीनं विचारलं होतं तिला. म्हणाली, "येऊ द्या."

गोविंदा डाईची पाकिटं घेऊन आला. "मॅडम, पंधरा मिन्टाचं काम हाय. दहा वर्षं कमी." याडीचाही फोन—"रंगव वं बाई, एका पोरीसाठी रंगव."

पाकिटं परत केली. पहिल्याच दिवशी पोरीला फसवू? आणि मुळं पांढरी दिसली की पुढं काय सांगू? अंगात जे आहे ते घेऊन जाईन. मी मरणार नाही असं सांगणार नाही. कोण सांगू शकतं? पण म्हातारी नाही मी. नाही म्हणजे नाही!

२५ मे

गेले. केस तसेच.

अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. बसलीच नाही. म्हणाली, "माही आजी पळू शकत नव्हती. पळून दाखवा."

सुकेशनी म्हणाली, अगं अंजू! मी पदर खोचला. चपला काढल्या. मे महिन्याची तापलेली फरशी, तळपाय भाजले. कडुनिंबाला वळसा, पाण्याच्या टाकीला वळसा, स्वयंपाकघराच्या दारातल्या बाया हसत होत्या, हसा! परत आले. छाती भात्यासारखी होत होती, पण उभी राहिले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. वेणीची रिबीन घट्ट केली.

"आता मले पकडा," म्हणाली नि सुटली.

पकडलं!